मालकी आणि वहिवाट : आजऱ्याच्या निमित्ताने गावाच्या इतिहासाचा विचार

महाराष्ट्रात अलीकडे गावोगावचा इतिहास लिहिला जाऊ लागला आहे. विद्यापीठांनी बाजूला ठेवलेला हा विषय गावातील शिक्षकांनी, निवृत्त कर्मचाऱ्यांनी आणि हौशी अभ्यासकांनी हाती घेतला ही गोष्ट स्वागतार्हच आहे; परंतु यात्रांच्या स्मरणिका, शाळांचे महोत्सवी अंक आणि पर्यटनाच्या पुस्तिका यांतून जे लेखन समोर येते त्याचा साचा इतका ठरून गेला आहे की गावाचे नाव बदलले तरी मजकूर फारसा बदलावा लागत नाही. नावाची व्युत्पत्ती, ग्रामदैवताची आख्यायिका, कोणत्या सत्ताधीशाने कोणाला सनद दिली त्याचा तपशील, गावाने दिलेल्या थोर व्यक्तींची यादी आणि अखेरीस, पूर्वी हे गाव स्वयंपूर्ण होते पण आता ते दिवस राहिले नाहीत, अशी हळहळ, असा हा क्रम असतो. भूगोल पहिल्याच परिच्छेदात उरकला जातो. नदीचे नाव, पावसाचे मान आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासूनचे अंतर सांगून झाले की पुढच्या पानांवर नदी पुन्हा भेटत नाही.

ही उणीव तपशिलाची नाही, दृष्टीची आहे, आणि ती तपासण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील आजरा हे गाव विशेष उपयोगी आहे. आजरा हे आज तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे. तरीही त्याचा जीव शेतीवर, बाजारावर आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर चालतो, म्हणून त्याचा विचार गाव म्हणूनच करणे योग्य ठरते. हिरण्यकेशी नदी आंबोलीजवळ, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर उगम पावते आणि अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहू लागते. आजरा, गडहिंग्लज आणि संकेश्वर या क्रमाने ती घाटमाथ्यावरून पठारावर उतरते, बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. आजरा या प्रवासाच्या वरच्या टप्प्यावर, चित्री नदी जिथे हिरण्यकेशीला येऊन मिळते त्या परिसरात वसले आहे. संकेश्वरहून बांद्याकडे जाणारा, म्हणजे कर्नाटकाचे पठार आणि कोकणची किनारपट्टी यांना जोडणारा रस्ताही याच गावातून जातो. नदी पूर्वेला जाते, रस्ता पश्चिमेला घाट उतरतो. आजऱ्याचा इतिहास या दोन दिशांच्या ओढीतून घडला आहे.

रूढ पद्धतीने मात्र हा इतिहास इचलकरंजीकर घोरपड्यांपासून सुरू होतो. सेनापती संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने पुढे आलेले नारो महादेव जोशी यांनी कृतज्ञतेपोटी घोरपडे हे आडनाव स्वीकारले, त्यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवा बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई यांच्याशी झाला आणि या घराण्याची जहागीर पुढे कोल्हापूर दरबाराच्या मांडलिकांत गणली जाऊ लागली. आजरा हा त्या जहागिरीचा एक महाल होता. महाल म्हणजे तालुक्याहून लहान असा महसुली विभाग. वासुदेवशास्त्री खरे यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाने इचलकरंजी संस्थानाचा इतिहास लिहून ठेवल्यामुळे ही बाजू कागदपत्रांनिशी उपलब्ध आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि जहागीर संपली. शिक्षणसंस्थेच्या नावात 'आजरा महाल' हे शब्द मात्र अजून टिकून आहेत.

हे सर्व खरे आहे. पण यातून आजऱ्याविषयी नेमके काय कळते? इचलकरंजी पंचगंगेच्या काठी, काळ्या मातीच्या सपाट प्रदेशात आहे, तर आजरा सरळ रेषेतही तेथून साठ किलोमीटरहून दूर, वेगळ्या नदीच्या खोऱ्यात, जांभ्या दगडाच्या सड्यांच्या आणि भातखाचरांच्या मुलखात आहे. मराठेशाहीत सरदारांना दिलेले मुलूख एकसलग नसत, ते विखुरलेले असत, आणि त्यामागे कोणी एका ठिकाणी फार प्रबळ होऊ नये हा हेतू होता असे इतिहासकार सांगतात. म्हणजे जहागिरीचा नकाशा दरबाराच्या राजकारणातून आखला गेला होता, जमिनीच्या घडणीतून नव्हे. त्या नकाशावरून आजऱ्याचा वसूल कोठे जात होता हे समजते. आजऱ्याचा माणूस काय पेरत होता, कोणत्या वाटेने कोठे जात होता, कोणाच्या बांधावरून पाणी घेत होता आणि कोणत्या देवाला कौल लावत होता, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही.

ही उत्तरे भूगोलाच्या वापरात आहेत. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जसजसे पूर्वेला सरकावे तसतसे हे मान इतक्या झपाट्याने घटते की गडहिंग्लजच्या पुढे ज्वारीचा प्रदेश सुरू होतो. आजरा तालुका या उतरंडीच्या मधोमध असल्यामुळे त्याच्या पश्चिम आणि पूर्व टोकांची शेतीही एकसारखी नाही. साधारणपणे पश्चिमेकडील गावांत तरव्यात रोप तयार करून, खाचरात चिखलणी करून रोपलावण केली जाते. पूर्वेकडे मेच्या अखेरीस, पाऊस येण्यापूर्वीच, कोरड्या भुसभुशीत केलेल्या रानात कुरीने भात पेरले जाते, ज्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. धूळवाफेत शेतकरी पावसावर आगाऊ विश्वास टाकतो आणि वळवाने दगा दिला तर बियाणे गमावतो. रोपलावणीत तो पाऊस स्थिरावण्याची वाट पाहतो, पण मग सगळ्या गावाला एकाच वेळी मजूर लागतात आणि म्हणून एकमेकांच्या रानात जाण्याचा पैरा अपरिहार्य होतो. पैरा म्हणजे श्रमाची परतफेड श्रमानेच करण्याची रीत. गावातील माणसे एकमेकांशी कशी बांधली गेली हे समजून घ्यायचे तर सनदेपेक्षा पेरणीची ही पद्धत अधिक सांगते, आणि तरीही ती कोणत्याही ग्रामेतिहासाच्या पानावर इतिहास म्हणून येत नाही. आली तर 'लोकजीवन' नावाच्या शेवटच्या प्रकरणात, सणवार आणि दागिन्यांच्या शेजारी येते.

आता स्वयंपूर्णतेच्या कल्पनेकडे वळले पाहिजे, कारण ग्रामेतिहासाची सर्वांत मोठी हानी तिने केली आहे. ही कल्पना गावातून आलेली नाही. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिताना गावाकडे छोट्या राज्यासारखे पाहिले, आणि चार्ल्स मेटकाफने १८३० च्या आपल्या टिपणात उत्तरेतील गावांना लहान प्रजासत्ताके ठरवून, साम्राज्ये येतात-जातात पण गाव तसेच राहते, असे चित्र उभे केले. हे टिपण महसुलाच्या वादात लिहिले गेले होते. प्रत्येक रयतेशी वेगळा करार करावा की गावाला एकक धरून सारा ठरवावा, या प्रश्नात दुसऱ्या बाजूचे समर्थन करण्यासाठी गाव हा एकसंध, स्वतःत पुरा असलेला घटक आहे असे दाखवणे मेटकाफला आवश्यक होते. कार्ल मार्क्सने १८५३ मध्ये तेच चित्र उलट्या हेतूने वापरले, गांधीजींनी त्यातून आदर्श उभारला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मेटकाफचा नामोल्लेख करून या गौरवाचा निर्भीड समाचार घेतला. आंबेडकरांची टीका नैतिक होती आणि ती निर्णायक आहे. मात्र त्यानंतरच्या चर्चेत गाव चांगले की वाईट एवढाच वाद राहिला आणि गाव बंदिस्त होते हे गृहीतक दोन्ही बाजूंनी तसेच ठेवले. हे गृहीतकच चूक आहे.

पहिला पुरावा मिठाचा आहे. घाटावरचे कोणतेही गाव मीठ पिकवू शकत नाही आणि मिठावाचून माणूस व जनावर दोघांचेही चालत नाही, त्यामुळे कोकणकिनाऱ्यावरच्या मिठागरांतून बैलांच्या पाठीवर घाट चढून येणारे मीठ ही आजऱ्यासारख्या गावाची अस्तित्वाची अट होती. त्याच वाटेने सुकी मासळी, नारळ आणि आमसूल वर येत असे. खाली गूळ, मिरची, कडधान्ये आणि पठारावरचे धान्य जात असे. दुसरा पुरावा लोखंडाचा : गावाचा लोहार कुरीचे फण घडवीत असे, पण लोखंड गावाबाहेरून येई. तिसरा सोयरिकीचा : भाऊकीत लग्न होत नसल्याने मुली गावाबाहेर जात आणि सुना बाहेरून येत, त्यामुळे घरातील निम्म्या माणसांचे माहेर आणि म्हणून निम्मी नाती शिवेपलीकडची असत. चौथा पुरावा सरकारी देण्याचा आहे. साऱ्याचा काही भाग रोखीत भरावा लागे आणि रोख रक्कम गावात उगवत नाही, ती बाजारातूनच येते.

यावर स्वयंपूर्णतेचे पुरस्कर्ते असे म्हणतात की मीठ आणि लोखंड हे अपवाद होत, अन्न आणि सेवा या बाबतींत तरी गाव पुरे होते, कारण बारा बलुतेदार गावातच होते. हा युक्तिवाद सर्वांत बळकट समजला जातो, म्हणून त्याचाही विचार केला पाहिजे. अन्नाच्या बाबतीत आजऱ्याचे स्थानच त्याच्या विरोधात साक्ष देते : भात आणि नाचणीचा डोंगराळ पट्टा व ज्वारी-कडधान्यांचा पठारी पट्टा एकमेकांना लागून असताना आठवड्याचा बाजार हा दोन्हीकडच्या ताटाचा आधार असतो. बलुत्याबद्दल सांगायचे तर ही सेवेची वतनी व्यवस्था होती. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, महार, मांग, मुलाणी यांच्या कामाचा मोबदला पिकाच्या वाट्यातून मिळे आणि त्यांचा हक्क वंशपरंपरेने चाले. पण वतनाचे वाद गावात मिटत नसत, ते गोतसभेपर्यंत आणि दरबारापर्यंत जात, म्हणजे वतनाला मान्यता देणारी सत्ता गावाबाहेर होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला तेव्हा त्यांनी कुणबी आणि बलुतेदार यांच्याबरोबर फिरस्त्यांना, म्हणजे गावोगाव हिंडून जगणाऱ्या जमातींना, मोठी जागा दिली. गाव बंदिस्त असते तर त्या पुस्तकाचा तो भाग लिहिताच आला नसता. गावगाड्याच्या नावाने स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणाऱ्यांनी ते पुस्तक पुरते वाचावे.

आजऱ्यापुरता आणखी एक पुरावा देवळात उभा आहे. आजऱ्याचे ग्रामदैवत रवळनाथ. शेजारच्या चंदगडचेही रवळनाथच. आणि घाटाखाली उतरले की सिंधुदुर्गात व गोव्यात गावागावांत हेच दैवत भेटते. आजरा जहागिरीच्या कागदावर पंचगंगेच्या खोऱ्याशी बांधलेले होते, तर त्याचा देव घाटाच्या वाटेने कोकणाशी बांधलेला होता. ज्या मुलखाशी रोजचे येणे-जाणे, सोयरीक आणि व्यापार त्याच मुलखाचे दैवत, ही गोष्ट कोणत्याही सनदेपेक्षा बोलकी आहे. आजऱ्याच्या बोलीतील कोकणी छटा आणि पूर्वेकडे गडहिंग्लज-संकेश्वर भागात वाढत जाणारा कानडीचा वावर यांचाही अर्थ याच संदर्भात लावावा लागतो.

वाटेचे महत्त्व पुढे इंग्रजांनीही ओळखले. बेळगावच्या लष्करी छावणीला रसद पुरवण्यासाठी वेंगुर्ल्याच्या बंदराहून आंबोलीमार्गे घाटरस्ता झाला आणि आंबोली हे त्या रस्त्यावरचे मुक्कामाचे ठिकाण म्हणून वाढले. पुढे १८८० च्या दशकात लोहमार्ग बेळगावला आणि मुरगाव बंदराला पोचल्यावर वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. विसाव्या शतकात दिशा बदलली. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागांतून हजारो माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत गेली. गिरणगावातील चाळींत गावकरी मंडळांनी खोल्या घेतल्या, पाळीपाळीने तेथे माणसे झोपली आणि मनीऑर्डरीवर गावातील घरे उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला तेव्हा त्याचे परिणाम लालबाग-परळपुरते राहिले नाहीत, ते हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील चुलींपर्यंत पोचले. असे गाव कोणत्या अर्थाने आणि कोणत्या काळात स्वतःत पुरे होते, याचे उत्तर स्वयंपूर्णतावाद्यांनी द्यावयाचे आहे.

ग्रामेतिहासाच्या इतर दृष्टी थोडक्यात बाजूला ठेवता येतात. निसर्गसौंदर्याच्या वर्णनातून गाव घडवणारी पर्यटकी दृष्टी रामतीर्थाचा धबधबा दाखवते आणि त्या पाण्यावर कोण जगते हे सांगत नाही. घराण्यांच्या वंशावळी हा कुटुंबांचा इतिहास असतो, गावाचा नव्हे. थोर व्यक्तींच्या याद्यांनी 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत १९४० मध्ये आजऱ्यात जन्मले, आणि कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणारे जे. पी. नाईक १९०७ मध्ये तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मले, हे अभिमानाने सांगावे, पण या मुलखाने त्यांना काय दिले याचा शोध घेतल्याशिवाय ती केवळ नावेच राहतात.

स्थानिक इतिहासाची परंपरा इंग्लंडमध्ये जुनी आहे आणि तेथील अनुभव येथे उपयोगी पडतो. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत प्रत्येक गावाचा धनी कोण हे तर आहेच, पण किती नांगर चालतात, किती गिरण्या आहेत, कुरण व रान किती, हेही आहे. तरीसुद्धा इंग्लिश खेड्यांचे इतिहास शतकानुशतके जहागीरदार आणि चर्च यांच्याभोवतीच फिरत राहिले, आणि डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५५ मध्ये इंग्लिश भूदृश्याच्या घडणीवरचे पुस्तक लिहून कुंपणे, गल्ल्या, नांगराचे जुने वरंबे हेच इतिहासाचे दस्तऐवज आहेत असे दाखवले तेव्हा कोठे दृष्टी पालटली. हॉस्किन्स यांच्या लेखनात एक मोठे दुःख आहे : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी सामाईक शेते आणि कुरणे कुंपणात घातली गेली, जमिनीचे धनी अधिक धनवान झाले, आणि त्या कुरणात गाय चारण्याचा, सरपण वेचण्याचा पिढीजात हक्क असलेली कुटुंबे मजूर बनली. कागदावरच्या मालकीने वापराचा हक्क गिळला. मात्र एका बाबतीत इंग्लंडने वापराला न्याय दिला. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा लागला, आणि वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने बिनहरकत चालत आले असतील तर जमीन कोणाचीही असो, वाट लोकांची, हे तत्त्व मान्य झाले.

हे तत्त्व मराठी माणसाला अपरिचित नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांच्या उघड आणि अखंड वापराने वाटेचा किंवा पाण्याचा हक्क सिद्ध होतो, आणि बोलीत त्यालाच वहिवाट म्हणतात. प्रस्तुत विवेचनाचा गाभा येथे आहे. गावाचे दोन इतिहास असतात : एक मालकीचा, दुसरा वहिवाटीचा. मालकीचा इतिहास जमीन कोणाची होती हे सांगतो. वहिवाटीचा इतिहास ती कोणी, कशी आणि कोणाच्या सोबतीने वापरली हे सांगतो. पहिला सनदा, फर्माने, गॅझेटियर आणि न्यायनिवाडे यांत सुरक्षित असतो. दुसरा बांध, पाणंद, पेरा, पैरा, पाट आणि घाटवाट यांत असतो व वापर थांबला की नाहीसा होतो. महसुली दप्तराने हा भेद केव्हाच ओळखलेला आहे. शेतकऱ्याच्या हाती असलेला सातबाराचा उतारा हा मुळात दोन नमुन्यांचा मिळून बनतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, त्यात भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, बोजा आणि फेरफारांचे क्रमांक असतात. गाव नमुना बारा हा पिकांचा, त्यात कोणत्या हंगामात कोणते पीक, किती क्षेत्रावर, जिरायत की बागायत आणि पडीक किती, हे लिहिले जाते. वरचा भाग पिढीत एखाद-दोनदा बदलतो, खालचा दरवर्षी नव्याने भरावा लागतो. ग्रामेतिहासकारांनी आजवर सात वाचला आणि बारा वाचलाच नाही.

कायद्याने मात्र अनेकदा बारा वाचला आहे. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून त्या दिवशी जमीन कसत असलेल्या कुळाला तिचा मानीव खरेदीदार केले, तेव्हा वहिवाटीनेच मालकीचा पाया बदलला. पीकपाहणीतील एका नोंदीने कित्येक घरे जमीनदार झाली आणि ती नोंद नसल्याने कित्येक घरांचा हक्क गेला. आजरा घनसाळ भाताला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचाही अर्थ असाच लावता येतो. घनसाळ हा सुवासिक, आखूड दाण्याचा, उशिरा पिकणारा आणि उतारा कमी देणारा वाण; संकरित बियाण्यांच्या लाटेत तो टिकला तो केवळ काही शेतकऱ्यांनी घरच्या पातेल्यासाठी आणि पाहुण्यांसाठी एखादे खाचर त्याला राखून ठेवले म्हणून. भौगोलिक मानांकन हा बौद्धिक संपदेचा असा प्रकार आहे की तो कोणा एका व्यक्तीचा होत नाही आणि विकताही येत नाही. विशिष्ट भूभाग आणि तेथील उत्पादकांची रीत यांनाच त्यात मान्यता असते. म्हणूनच मानांकन मिळाल्यावर समारंभ करून थांबणे पुरेसे नाही. खाचरात घनसाळ पेरला गेला नाही तर नाव राहील आणि भात जाईल. २०२१ पासून पीकपाहणी मोबाइलवर शेतकऱ्यानेच नोंदवायची आहे, तेव्हा वाणाच्या नावासह ही नोंद ठेवण्याचे काम आता अवघडही राहिलेले नाही.

वहिवाटीकडे दुर्लक्ष झाल्याने किती अन्याय होतो हे धरणांच्या प्रश्नात दिसते. चित्री प्रकल्पाने हिरण्यकेशीच्या खोऱ्याला उन्हाळ्यातही पाणी दिले. पावसाळा सरताना कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवायचे, उन्हाळ्यात उपसाबंदीच्या दिवसांत ते वाटून घ्यायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर बरगे काढून ठेवायचे, ही आता या नदीची नवी वहिवाट बनली आहे. उसाचे क्षेत्र, गवसे येथील सहकारी साखर कारखाना आणि खालच्या गावांचे पिण्याचे पाणी तिच्यावर उभे आहे. पण याच तालुक्यात उचंगी आणि सर्फनाला ही धरणे पुनर्वसनाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडून राहिली. भरपाईचा मुख्य आधार सातबारावरचे नाव हा असतो. ज्या गायरानात जनावरे चरली, ज्या रानातून हिरडा आणि शिकेकाई वेचली, ज्या ओढ्यावर धुणी-पाणी झाले, त्याचे मोल कोणत्या रकान्यात लिहावे हे ठरलेलेच नाही. घाटमाथ्याजवळच्या धनगरवाड्यांची स्थिती याहून बिकट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींखेरीज इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्क दिले, परंतु १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वास सिद्ध करण्याची अट घातली. पिढ्यान्‌पिढ्या जनावरांमागे हिंडणाऱ्या माणसांनी पंचाहत्तर वर्षांचा कागद कोठून आणायचा? गावाच्या इतिहासाचे लेखन ही फावल्या वेळची हौस नाही, हे या प्रश्नातून स्पष्ट व्हावे, कारण जी वहिवाट कोणी लिहून ठेवली नाही ती कायद्यासमोर घडलीच नाही असे ठरते.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळून चालणार नाही. वहिवाट ही नेहमी न्याय्य असतेच असे नाही. वेठ ही वहिवाट होती, पाणवठ्यावरची अस्पृश्यता ही वहिवाट म्हणूनच समर्थिली गेली. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये सत्याग्रह झाल्यावर सवर्णांनी न्यायालयात जो दावा केला त्याचा पायाच, फार प्राचीन काळापासून अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता, हा होता. परंतु त्या खटल्याचा शेवट ध्यानात घेतला पाहिजे. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, अशी प्राचीन रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असे ठरवून डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला. म्हणजे पुरावा मागितल्यावर जी गोष्ट सनातन म्हणून सांगितली जात होती ती सिद्ध झाली नाही. वहिवाटीचा इतिहास लिहिणे म्हणजे वहिवाटीची पूजा करणे नव्हे. कोणाची वाट कोणी अडवली, कोणाला कोणत्या पाणवठ्यावर येऊ दिले नाही, कोणाच्या वाट्याला रोपलावणीचा चिखल आला आणि कोणाच्या वाट्याला खळे, हेही त्यातच लिहावे लागते. मालकीच्या इतिहासात ही माणसे दिसतच नाहीत, कारण त्यांच्या नावावर काही नव्हते. गावातील बायांचीही हीच गोष्ट आहे : सातावर त्यांची नावे क्वचित, बारामागचे बहुतेक श्रम त्यांचे.

हे काम विद्यापीठांची वाट पाहात थांबू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे आणि अनेक ठिकाणी ती एखाद्या संस्थेकडून घाईने भरून घेतली जाते. त्या नोंदवहीलाच गावाच्या वहिवाटीचे दप्तर बनवता येईल. गावनकाशावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने आणि पायवाट तुटक एकेरी रेघेने दाखवलेली असते. शाळेतील मुलांनी शिक्षकांसोबत तो नकाशा घेऊन शिवारात जावे आणि कोणत्या रेघा आज बांधाखाली गेल्या, कोणत्या कुंपणात अडकल्या याची नोंद करावी. धूळवाफ आणि रोपलावण यांची सीमा गेल्या दोन पिढ्यांत कोठून कोठे सरकली, घाटाच्या बैलवाटा कोठून उतरत होत्या, पैरा कोणाकोणात होता आणि कोणाला त्यातून वगळले होते, गिरणगावातील खोल्यांत कोण राहिले, हे सांगणारी माणसे अजून आहेत, पण ती वयाने थकली आहेत. आजरा तालुक्यातील शिक्षकांनी, वाचनालयांनी आणि ग्रामपंचायतींनी पुढची स्मरणिका छापण्याआधी या माणसांकडे बसून त्यांचे बोलणे लिहून घ्यावे.